चिमटीची बोलकी पेटी

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझ्या नणंदेने माझी नवी कोरी इस्त्री उघडली. बिघडली होती म्हणून नव्हे, आत काय आहे ते बघायचं होतं म्हणून. मी अंघोळ करून बाहेर आले तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर इस्त्रीचे भाग ओळीने मांडलेले, आणि ही बया खुर्चीवर मांडी घालून एक तार डोळ्यांजवळ धरून बसलेली. मला बघून म्हणाली, "वहिनी, चांगली आहे हो. फसवलं नाही तुला दुकानदाराने." दहा मिनिटांत तिने इस्त्री होती तशी जोडून दिली. ती पुढे बावीस वर्षं चालली, हे कबूल करायला हवं.

तिला सगळे चिमटी म्हणायचे. जन्मली तेव्हा चिमटीएवढी होती म्हणून, असं सासूबाई सांगायच्या. थोरल्या भावाला उठता बसता चिमटे काढायची म्हणून, असं तो थोरला भाऊ सांगायचा. तो भाऊ म्हणजे आमचे हे. सासू-सासरे लवकर गेले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. मूलबाळ आम्हाला झालं नाही. चिमटीने लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एक माणूस उघडून बघता येत नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा?" आणि पुन्हा सोल्डरिंगची सळई तापवायला घ्यायची.

आधी ती रेडिओच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायची. केसाएवढी तार, शेकडो वेढे, आणि एक वेढा चुकला की सगळं पहिल्यापासून. कारखाना बंद पडला तेव्हा बाजारपेठेतल्या एका टीव्हीच्या दुकानात तिला काम मिळालं. पुढच्या बाजूला काचेमागे दहा टीव्ही एकच चित्र दाखवत असायचे. मागे गल्लीकडे खिडकी असलेली अरुंद खोली, तिथे चिमटीचं टेबल. टेबलावर भिंग लावलेला दिवा, साबणाच्या डब्यांत वेगवेगळ्या मापांचे स्क्रू, आणि नेहमी एक गार झालेला चहा. उंच स्टुलावर बसून तिची पाठ धरायची म्हणून मी तिला एक उशी शिवून दिली होती. ती तिने पहिल्याच आठवड्यात जाळली. सळई ठेवली होती म्हणे चुकून.

त्या काळी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम नुकते आले होते. दुकानात ज्या कंपनीचा गेम विकायला होता, तिला काही थांबायचं माहीत नव्हतं. मूळ डबा साधासा, खेळाची कॅसेट खोचायची आणि खेळायचं. पण माहितीपत्रकात त्याच डब्याला चारी बाजूंनी आणखी डबे जोडून दाखवलेले. गाडी चालवायचं चाक जोडा. टेपरेकॉर्डर जोडा, म्हणजे साध्या गाण्याच्या टेपवरून खेळ येतील. कीबोर्ड जोडा, म्हणजे तुमच्या खेळण्याचा संगणक होईल. हा कीबोर्ड दोन वर्षं पुढच्या महिन्यात येणार होता. त्याच्या भरवशावर गेम घेतलेली माणसं दर शनिवारी चौकशीला यायची आणि दुकानाचे मालक टीव्हीच्या खोक्यांमागे लपायचे. चिमटी म्हणायची, "खाली घर एका खोलीचं, आणि कंपनी वर माड्या चढवत सुटलीय."

त्यातलीच एक होती बोलणारी पेटी. डब्याच्या कुशीला ती लावली, की खेळ तुमच्याशी बोलायचा. म्हणजे विमान पडत असलं की परक्या भाषेत 'सावध' वगैरे म्हणायचा, पत्र्याच्या पिंपात बसून बोलल्यासारखा. ती चालेल असे खेळ कंपनीने चारच काढले. लोकांनी हौसेने पेट्या नेल्या आणि महिन्याभरात परत आणून दिल्या. मागच्या खोलीत वरच्या फळीवर अशा अकरा पेट्या जमल्या. मालकांनी कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीने उत्तर दिलं नाही, आणि पेट्या तिथेच धूळ खात पडल्या.

आता आमच्या ह्यांचं सांगते. हे बस स्थानकावर घोषणा करायचे. एका काचेच्या खोलीत बसून दिवसभर कुठली बस कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. आवाज असा, की बाया-बापड्या सामान खाली ठेवून ऐकायच्या. मी स्वतः त्याच आवाजाला भाळले. कचेरीत टायपिस्ट होते, रोज त्या स्थानकावरून जायचे, आणि माणूस बघायच्या आधी सहा महिने नुसता आवाज ऐकत होते. प्रत्यक्ष बघितला तेव्हा थोडी निराशा झाली. हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं आहे आणि ते दर वेळी खूश व्हायचे.

ह्यांच्या पन्नाशीच्या आसपास त्या आवाजात खरखर आली. मिठाच्या गुळण्या झाल्या, औषधं झाली, महिने गेले. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की गाठ वाईट आहे, जीव वाचेल, पण आवाजाची पेटीच काढावी लागेल.  चिमटीने विचारलं, "म्हणजे आतला कुठला भाग काढणार, तो मला कागदावर काढून दाखवा." डॉक्टरांनी काढून दाखवला. तो कागद ती घरी घेऊन आली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथून. आवाज गेला. दवाखान्यात एक बाई आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवायची. हवा गिळायची आणि ढेकर देतात तशी ती वर आणत शब्द काढायचे. ह्यांना तिने एका जुन्या रुग्णाचं बोलणं ऐकवलं. हे मध्येच उठले आणि चालू लागले. घरी येऊन पाटीवर लिहिलं, 'मी ढेकरा देऊन बोलणार नाही.' ती पाटी आम्ही त्यांच्यासाठी आणली होती. सुरुवातीला त्यावर पुष्कळ लिहायचे. मग दोन शब्द. मग नुसतं टेबलावर बोट आपटायचं. स्थानकाने त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं, तिथे बोलावं लागत नाही म्हणून. संध्याकाळी घरी आले की वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे आणि जेवणापर्यंत खाली ठेवायचे नाहीत.

असे चारपाच महिने गेले असतील. एका रविवारी सकाळी चिमटी दुकानातून गेमचा डबा आणि फळीवरची एक पेटी घेऊन आली. आमच्या टीव्हीला जोडली आणि विमानाचा खेळ लावला. पेटी बोलली. हे वर्तमानपत्र खाली ठेवून बघत राहिले, मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला म्हटलं, "ज्याचा आवाज गेला त्याच्यापुढे खेळण्याला बोलायला लावतेस? जखमेवर मीठ चोळायचं काही ठरवलंयस का तू?" इतक्या वर्षांत मी तिच्यावर अशी कधी कडाडले नव्हते.  तिने पेटी उचलली आणि ती आपल्या खोलीत गेली.

आठवडाभर आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. मग एका संध्याकाळी मी कचेरीतून आले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "वहिनी, मी ती उघडली. मला वाटलं होतं आत शब्द भरून ठेवले असतील. तसं नाहीये. आत शब्दच नाहीत."

"मग काय आहे?"

"अक्षरं आहेत. आवाजांचे तुकडे. साठ-पासष्ट नंबर आहेत, एकेका नंबराला एकेक तुकडा. खेळाची कॅसेट फक्त नंबर सांगते, पेटी तुकडे जोडते. म्हणजे नंबर आपण सांगितले तर ती आपलं बोलेल."

मला अर्धंच समजलं. पण ती ज्या तऱ्हेने उभी होती त्यावरून माझा राग उतरला.

नंबर द्यायला कीबोर्ड हवा होता. आणि गंमत अशी, की तो पुढच्या महिन्यातला कीबोर्ड शेवटी आला होता आणि परतही जात होता. कंपनीने थोडे विकले, त्यात खोट निघाली, आणि सगळे माघारी बोलावले. दुकानात काचेत ठेवलेला एक तडकलेला नमुना होता, तो तिथेच मोडून टाका असं पत्र आलं. मालकांनी हातोडी चिमटीच्या हातात दिली. ती त्यांना म्हणाली, "डबा मोडते. आतलं घरी नेते. माझ्या भावासाठी हवंय."  मालक म्हणाले, की पत्रात मोडायला सांगितलंय, किती बारीक मोडायचं ते काही लिहिलेलं नाही. आणि पुढे दुकानात निघून गेले. एरवी फार कटकट्या माणूस, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाकडं बोलले नाही.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते तीन महिने चाललं. रोज संध्याकाळी दिवेलागणीपासून जेवणापर्यंत चिमटीच्या खोलीत ती आणि मी. ती एकेक नंबर दाबायची, पेटी एकेक आवाज काढायची, आणि मी तो ऐकून यादीत लिहायचे. हा आ, हा म, हा बहुतेक श, नाही स. यादी टाइप करून मी तिच्या भिंतीवर चिकटवली. पहिली पेटी आम्ही जाळली. दुसरीवर चिमटीने जास्त जपून काम केलं. पहिला आख्खा शब्द तिने मला न सांगता तयार केला. मी कपडे घडी करत होते, आणि मागून पत्र्याच्या पिंपातून कोणीतरी म्हणालं, "वैनी." माझ्या हातातली चादर खाली पडली. चिमटी तोंडावर हात ठेवून हसत होती.

पण ती पेटी परक्या भाषेसाठी केलेली. आपले कितीतरी आवाज तिला येतच नव्हते. भाऊ म्हणायला लावलं की 'बाऊ' म्हणायची. त्यावर चिमटीने युक्ती काढली, ब च्या मागे लगेच ह चिकटवायचा. मग भ जमला, ध जमला, घ जमला. ळ मात्र काही केल्या येईना. ल घेऊन बघितला, र घेऊन बघितला, दोन्ही एकत्र करून बघितले. तोंडात गरम घास असलेलं माणूस बोलावं तसं काहीतरी निघायचं. चिमटीने शेवटी हात टेकले.

आणि शब्द जमले तरी वाक्य जमत नव्हतं. सगळं एका दमात, एकाला एक चिकटून यायचं. मला वाटायचं मला ऐकायची सवय आहे म्हणून कळतंय, दुसऱ्या कोणाला पत्ता लागणार नाही.

ह्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण घर लहान, भिंत पातळ. ते बाहेर वर्तमानपत्रामागे बसून तीन महिने ते सगळं ऐकत होते. एका संध्याकाळी आम्ही पेटीकडून 'जेवायला चला वाढलं आहे' म्हणवून घेत होतो. दहाव्यांदा घेत असू. दार उघडलं आणि हे आत आले. चेहरा असा, की नवा माणूस माईकवर चुका करतोय आणि यांना ऐकवत नाहीये. ते सरळ भिंतीवरच्या यादीकडे गेले. त्यात पाच नंबरांपुढे मी 'बाद' असं टाइप केलं होतं, कारण ते दाबले की काहीच ऐकू यायचं नाही. चिमटीला वाटायचं, एवढा भाग मेलेला आला असेल.

ह्यांनी त्या पाचांवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं.

"ते गप्प आहेत, दादा," ती म्हणाली. "काही वाजत नाही."

ह्यांनी पाटी आणली. किती दिवसांनी इतकं लिहिलं असेल. लिहिलं, 'पाचही सारखेच गप्प? का कुठला जास्त वेळ, कुठला कमी?'

 चिमटीने घड्याळ घेतलं, दोन आवाजांच्या मध्ये एकच गप्प नंबर लागोपाठ पन्नास वेळा घालून मोजलं. पाचही वेगळे होते. एक डोळ्याची पापणी लवावी एवढा, एक त्याहून लांब, शेवटचा चांगला ठसठशीत.

ह्यांनी पाटी पुसून लिहिलं, 'बाद नाहीत. ही थांबायची जागा आहे. घोषणा यावरच उभी असते.' आणि मग वाक्य लिहून दिलं, दोन शब्दांमध्ये लहानमोठ्या उभ्या रेघा ओढून. 'जेवायला चला' नंतर मोठी रेघ, 'वाढलं' नंतर छोटी. चिमटीने तसे नंबर दिले. पेटी म्हणाली, जेवायला चला, वाढलं आहे. कोणीही बोलावं तशी. आवाज पत्र्याचाच, पण माणसाच्या बोलण्याला चाल असते तशी चाल आली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले.

त्या रात्री जेवण गार झालं. आधी मी आणि चिमटी होतो, आता ती दोघं. ह्यांना आपल्यावर कोणी दया केलेली चालत नव्हती, पण वाईट घोषणा तर त्याहून चालत नव्हती. पंधरा दिवसांत ते कीबोर्डवर मला टायपिंगमध्ये गाठतील असे झाले. ळ ला त्यांनी वळसे काढले. सकाळी ऐवजी उजाडल्यावर. एकदा त्यांना केळी हवी होती. फळ म्हणता येईना, पिवळी म्हणता येईना. बराच वेळ थांबून पेटी म्हणाली, "सोलून खातात ती आण." मी संत्री आणली. त्यावर त्यांनी जे टाइप केलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण उच्चार स्वच्छ होते.

एक अडचण होती. आवाज यायचा तो टीव्हीतून, कारण मूळ वस्तू टीव्हीचीच. म्हणजे नवरा फक्त पुढच्या खोलीत बोलणार. शेजारचे सामना बघायला आले की ह्यांना गप्प बसावं लागायचं. मग चिमटीने गेमचा डबा काढूनच टाकला, एका जुन्या रेडिओचा स्पीकर घातला, खाली बॅटरी, आणि सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवून वर मूठ लावली. शिवणयंत्राएवढं वजन. ते उचलून हे स्थानकावर गेले आणि साहेबांपुढे टेबलावर ठेवून म्हणाले, की मला पार्सलच्या खोलीतून बाहेर काढा. साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. लोक आधी दचकायचे, मग खिडकीशी उगाच गर्दी करायचे. वेळ हा शब्द पेटीला येत नसल्यामुळे हे बसची घटका सांगायचे. 'पुढच्या बसची घटका सव्वातीन.' काही दिवसांनी त्या स्थानकावर चहावालासुद्धा घटका म्हणायला लागला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पेटी बघितली. त्यांनी पुढच्याच आठवड्यात शाळेतल्या एक बाई पाठवल्या. त्यांचाही आवाज असाच गेलेला, वर्गात टाळ्या वाजवून शिकवत होत्या. चिमटीने फळीवरची तिसरी पेटी मालकांकडून मागून घेतली. आता कीबोर्ड नव्हता, तर गेम खेळायच्या हातातल्या खटक्यांवर जे आकडे असायचे तेच वापरले. दोन आकडे दाबायचे, एक आवाज. बाईंना पहिल्यांदा कुठलं वाक्य हवं म्हणून विचारलं, तर त्यांनी लिहून दिलं, 'शेवटच्या बाकावर काय चाललंय?'

असं करत करत तीन वर्षांत आणखी सहा जणांना पेट्या गेल्या. एक शिंपी होते, एक वकील होते, एक आजी होत्या ज्यांना फक्त सुनेशी बोलायचं होतं. चिमटी प्रत्येकाच्या घरी जायची, तासन् तास बसून त्या माणसाची बोलायची तऱ्हा त्याच्या घरच्यांना विचारायची. भरभर बोलायचे का, मध्ये थांबायचे का, हाक कशी मारायचे. त्याप्रमाणे गप्प नंबर बसवायची. डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच यंत्रदुरुस्तीच्या कामावर घेतलं. तिच्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं, त्यावरून बरीच खळखळ झाली, पण डॉक्टर हटले नाहीत.

कंपनीने तोवर गेमचं सगळंच आवरलं होतं. पेट्यांमधली ती आवाज काढणारी चिप, बोटाच्या पेराएवढी, ती बाहेर कुठे मिळत नव्हती. शाळेतल्या बाईंची एकदा उडाली ती दहाव्या पेटीतली घालून भागवली. अकरावी चिमटीने ह्यांच्यासाठी राखून ठेवली. माझ्या कपाटात, चादरींच्या मागे.

आणि मग भाजीवाली आली. मंडईच्या कोपऱ्यावर तिचं दुकान. पूर्वी ती ओरडली की दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आता घंटी वाजवून गिऱ्हाईक बोलवायची, आणि गिऱ्हाईकं तिला उलट बोलता येत नाही हे बघून वाटेल तसं बोलायची, असं सोबत आलेल्या तिच्या बहिणीने सांगितलं. चिमटी खाली बघून म्हणाली, की पेट्या संपल्या. भाजीवालीने मान डोलावली. जणू तिला तेच अपेक्षित होतं. दोघी जिना उतरायला लागल्या.

आतल्या खोलीतून पेटी बोलली. "कपाटात एक आहे."

चिमटी आत गेली. मी दारात होते. ती म्हणाली, "ती तुझी आहे, दादा. तुझी बंद पडली तर माझ्याकडे दुसरी नाही. कुठेच नाही."

हे टाइप करत होते तोवर आम्ही थांबलो. ह्यांच्याशी बोलताना नेहमीच थांबावं लागायचं.

"तिचं दुकान आवाजावर चालतं. माझं खिडकीवर पाटी लावली तरी चालेल. दे."

"मी देणार नाही."

ह्यांनी तोच शब्द दोनदा टाइप केला. "दे. दे."

चिमटी रडली. मी तिला रडताना बघितलं ते तेवढंच. मग डोळे पुसून जिन्यात गेली आणि त्या दोघींना परत बोलावलं. भाजीवालीला वीसच वाक्यं हवी होती, पण ती सगळी ठणकावून.

त्यानंतर ह्यांची पेटी दोन वर्षं चालली. एका दुपारी ते मला छत्री कुठे आहे ते विचारत होते आणि 'छत्री' च्या पुढे पेटी नुसतीच म् म् म् करत राहिली. बॅटरी काढली तेव्हा थांबली. चिमटीने उघडली, भिंगाखाली बघितली, तर आतली ती चिपच गेली होती. मग सुरू झाली तिची पायपीट. भंगारवाले, जुने दुकानदार, दुसऱ्या गावांतले बाजार. कंपनीला लिहिलेलं पत्र न उघडता परत आलं. ती घरी येऊन जेवायची नाही, माझ्याशी तुटक बोलायची, ह्यांच्याकडे तर बघायचीच नाही. जणू तिनेच त्यांचा आवाज दुसऱ्यांदा काढून घेतला होता.

ह्यांनी मात्र एक दिवस पाटीवर मला लिहिलं, 'शाळेतल्या बाईंकडे जाऊन येतो.' त्या बाई एव्हाना दवाखान्यात ते हवा गिळून बोलणं शिकल्या होत्या आणि पेटी त्यांनी मागेच दुसऱ्याला देऊन टाकली होती. माझा विश्वास बसेना. ज्या बोलण्याला हे उठून निघून आले होते, तेच शिकायला निघाले? मी तसं विचारलं. त्यांनी लिहिलं, 'पाच-सहा वर्षं पत्र्याच्या डब्यातून बोललो. स्थानकावर सगळ्यांनी ऐकलं. आता लाज कसली?'

चिमटीला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. ती कामावर गेली की हे सोडा पिऊन बसायचे आणि ढेकर पकडायचा प्रयत्न करायचे. मला हसू आवरायचं नाही, त्यांनाही आवरायचं नाही, आणि हसलं की पकडलेली हवा निसटायची. महिनाभर नुसती हवा. मग एक 'प' आला. मग 'पा'. बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, छडी नसली तरी ती हातात आहे असंच वाटायचं. चार महिने गेले.

एका रविवारी चिमटी टेबलापाशी बसून कुणाचं तरी कानात घालायचं यंत्र दुरुस्त करत होती. हे तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि खोल विहिरीतून दगड ओढत आणावा तशा आवाजात म्हणाले, "चिमटे. चहा घेतेस?"

तिने वळून आधी टेबलाखाली बघितलं, मग खिडकीकडे, मग ह्यांच्याकडे. हातातला चिमटा तसाच वर धरलेला.  मग म्हणाली, "पुन्हा म्हण."

"चहा."

"दोन शब्दांनंतर हवा संपतेय तुझी. दोनवर थांबून नवी हवा घे."

"तू मला... शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतेय."

"सांगूही... नकोस."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती दोघं भांडत होती. लहानपणी शाळेत जायची बस पुलावरून जायची का पुलाखालून, असल्या कशावरून तरी. पेटीवर ह्यांना कधी कुणाचं बोलणं मध्येच तोडता आलं नव्हतं, टाइप करेपर्यंत समोरचा थांबलेला असायचा. आता ते तोडत होते. ती त्यांचं तोडत होती. दोघंही एकाच वेळी बोलत होती आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. मी तीन कप चहा केला, दोन कप त्यांच्यापुढे ठेवले, माझा घेऊन खुर्चीत बसले आणि त्यांना थांबवलं नाही.

हे पुढे अकरा वर्षं त्या आवाजात बोलले, घरी, आणि निवृत्त होईपर्यंत खिडकीवरही. चिमटी दवाखान्यातून निवृत्त झाली. आता आम्ही दोघीच आहोत. बस पुलाखालून जायची, असं ती अजून म्हणते.